दाढीवाल्याच्या नादी लागून

मी एका सत्तरीच्या बाईला दुखावलं आणि त्याचं खापर बराच काळ दीडशे वर्षांपूर्वी मेलेल्या एका इंग्रज कादंबरीकारावर फोडत राहिलो. त्याचं नाव लिहीत नाही. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला, दाढीवाला, दहा मुलांचा बाप. एवढं पुरे.

त्याची नि माझी ओळख गाडीत झाली. पिस्कॅटवेच्या घरून ऑफिसला जायला मला पाऊण तास लागतो, यायला किती ते देव जाणे. लायब्ररीच्या ॲपवर त्याचं चरित्र फुकट ऐकायला मिळालं. हा गडी कादंबऱ्या हप्त्याहप्त्याने छापायचा. शेवट कागदावर उतरलेला नसायचा आणि सुरुवात वाचकांच्या हातात पोचलेली असायची. मला हे एकदम घरचं वाटलं. आम्ही सॉफ्टवेअर असंच पाठवतो.

त्याच सुमारास आमच्या मराठी मंडळाच्या ई-मासिकाच्या संपादकबाई मजकुरासाठी लोकांच्या मागे लागल्या होत्या. "काहीही द्या, फक्त शिकरणाची रेसिपी नको." मी म्हणालो, कादंबरी देतो.

युक्त्या सगळ्या दाढीवाल्याच्या. वाक्य असं लांबवायचं की पूर्णविराम येईपर्यंत चहा गार व्हावा. प्रकरणाच्या शेवटी कोणीतरी दार वाजवायचं. तो म्हणे आरशासमोर तोंडं वेडीवाकडी करून पात्रं शोधायचा, म्हणून मीही बाथरूममध्ये तेच सुरू केलं. बायकोने दार ठोठावलं.

"पोट बिघडलंय का?"

"कॅरेक्टर शोधतोय."

"सापडलं की फ्लश कर."

पण त्याची सगळ्यात मोठी युक्ती लकबीची. महिन्याभराने पुढचा अंक आला तरी कोण कोण ते वाचकाला आठवावं, म्हणून तो पात्रांना एकेक खूण चिकटवून द्यायचा. एखादं पालुपद, एखादी खोड. पात्राच्या आधी खूण आत यायची. मला अशी खूण आयती मिळाली, काकूंकडून.

मी या देशात उतरलो तेव्हा एअरपोर्टवर घ्यायला आलेलं एकमेव माणूस म्हणजे या काकू. ओळख एवढीच की त्यांचे यजमान, जे त्याआधीच वारले होते, माझ्या मामाच्या वर्गात होते. तीन आठवडे मी त्यांच्या सोफ्यावर झोपलो. बर्फात घसरणारी गाडी कशी सावरायची ते त्यांनीच मला शिकवलं, शेजारी बसून, ओरडून. त्यांची खोड अशी की कोणाच्याही घरी गेल्या की कोट काढायच्या आधी फ्रिज उघडणार. "एवढी कोथिंबीर? सडवायला आणलीस का?" असं म्हणत दुसऱ्याचा फ्रिज लावून देणार.

कादंबरीत मी काकूंना उचलून टेक्सासात अर्विंगला नेलं, केस कुरळे केले, यजमानांना जिवंत केलं. फ्रिज तेवढा ठेवला. पहिल्या प्रकरणातच सगळ्या मंडळाने त्यांना ओळखलं. पुढच्या पॉटलकला, म्हणजे घरून डबे आणून केलेल्या जेवणाला, एक जण ओरडलाच, "काकू, आमचा फ्रिज इन्स्पेक्ट करायचा राहिला हं!"

"तुझा नको रे बाबा," काकू म्हणाल्या. "गेल्या वेळी पनीरला मिशा फुटल्या होत्या."

काकू हसल्या, सगळे हसले. मला वाटलं, आपल्याला जमलं.

तिसऱ्या प्रकरणाला सामान संपलं. तेव्हा मी एक गोष्ट बाहेर काढली. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काकूंना मी माझ्या गाडीतून घरी आणत होतो. डोळ्यावर पट्टी होती, त्यामुळे असेल, पण त्या एरवी बोलल्या नसत्या ते बोलल्या. त्यांचा मुलगा ॲन आर्बरला असतो. तो फोन उचलत नाही, म्हणून त्या व्हॉइसमेलवर त्याला पाककृती सांगतात. "नुसता कसा आहेस विचारायला फोन केला तर त्याला वाटतं, ही मागे लागली. काहीतरी काम हवं ना." मुलाला मराठी धड कळत नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

मी प्रकरणात काय केलं, तर बाई व्हॉइसमेलवर सांगत असलेल्या पुरणपोळीच्या मध्यावर मुलाचा मेलबॉक्स फुल करून टाकला. कणीक मळून तयार, पुरणाचा पत्ता नाही. लोक हसून लोळले. ग्रुपवर दिवसभर अंगठे येत होते. ते मोजत मी ऑफिसात दोन मीटिंगा काढल्या. लाज वाटते, पण काढल्या.

त्यानंतर काकू मंडळात आल्या नाहीत. माझा फोनही घेईनात.

योगायोग असा, की चरित्रात पुढे दाढीवाल्याचंही असंच झालं. त्याच्या ओळखीची एक फार ठेंगणी बाई होती, लोकांच्या पायांची कुरुपं काढून पोट भरणारी. तिला त्याने विचित्र पात्र करून कादंबरीत घातलं. तिने पत्राने जाब विचारला. मग गृहस्थाने पुढच्या हप्त्यात त्या पात्राला सद्गुणी करून टाकलं. मला सुटकेचा रस्ता दिसला. शनिवारी सकाळी मी चौथ्या प्रकरणाची प्रिंट काढून काकूंच्या दारात उभा.

त्यांनी आत घेतलं. चहा विचारला नाही.

"काकू, ते फ्रिजचं लिहायला नको होतं."

"का? फ्रिजचं खरं आहे. आत्ता तुझ्या घरी आले तरी उघडीन."

"मग?"

"दुसरं गाडीतलं होतं."

मी कागद पुढे केले. त्यांनी चष्मा लावून वाचले. त्यात काकू गावभरच्या आजाऱ्यांना जेवू घालतात, आणि शेवटी मुलगा विमानाने येऊन पाया पडतो.

"ही कोण बया?"

"तुम्हीच."

"मला देवी नको करूस. आणि याला कशाला आणलास? तुझ्या कागदावर आला, माझ्याकडे नाही आला. हे तर जास्तच वाईट." त्यांनी कागद परत दिले. "बंद कर ते."

एका बाजूला तीन आठवड्यांचा सोफा, दुसऱ्या बाजूला अंगठे. तरी मला ठरवायला दोन दिवस लागले.

ठरल्यावर मी निवेदन लिहिलं. दाढीवाला बायकोपासून वेगळा झाला तेव्हा त्याने स्वतःच्या मासिकात निवेदन छापून आपली बाजू मांडली होती. माझंही दीड पान झालं. विश्वास, पश्चात्ताप, लेखकाची जबाबदारी, सगळं होतं. या वेळी मात्र आधी काकूंना दाखवायला नेलं.

"यातसुद्धा तूच हिरो," त्या म्हणाल्या. "आणि ज्यांना व्हॉइसमेलचं नुसतं गमतीचं वाटलं होतं, त्यांनाही आता कळेल की ते खरं होतं."

मला खरंच ते सुचलं नव्हतं.

काकूंनी कागद उलटा करून पेन दिलं. "लिही. लेखकाला पुढे सुचत नाही, म्हणून कथा बंद."

"एवढंच?"

"एवढंच."

डोक्यात सहा प्रकरणं तयार होती. लिहिलं, आणि तसंच छापून आलं.

मग उन्हाळ्यात पार्कमध्ये मंडळाची पिकनिक झाली. "काय काका, रायटर्स ब्लॉक?" असं निम्म्या लोकांनी विचारलं. पुण्याहून नवीन आलेला एक मुलगा म्हणाला, "यार, एआयला सांगा ना, दोन मिनिटांत कंप्लीट करेल." मी मान हलवत मक्याची कणसं भाजत राहिलो. काकू आल्या होत्या, पण माझ्याकडे पाहत नव्हत्या. तेवढ्यात संपादकबाई प्लेट घेऊन माझ्याजवळ आल्या. "खरं सांगा हो, त्या अर्विंगच्या बाईचं पुढे काय होणार होतं?"

मी तोंड उघडणार तोच मागून काकू म्हणाल्या, "त्याला काय विचारतेस? मला विचार. ती बाई तिथे कंटाळली आणि गेली निघून. याला पत्तासुद्धा दिला नाही."

"अय्या! गेली कुठे?"

"सांगितलं असतं गं," काकूंनी माझ्या हातातलं भाजलेलं कणीस काढून घेतलं. "पण हा इथेच उभा आहे ना."