हातात न द्यायची वस्तू

नलिनीबाई चाकू कधी कुणाच्या हातात देत नसत. मागितला तर आधी मागणाऱ्याकडे नीट बघायच्या, मग चाकू मिटून बाकावर, टेबलावर, काहीच नसेल तर सरळ जमिनीवर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "उचल." एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात चाकू गेला की दोघांत भांडण होतं, असं आपल्याकडे घरोघरी सांगतात. मिरचीचं तेच, मिठाचं तेच. पण बाकीच्या बायका घाईगडबडीत विसरतात. बाई चालत्या एसटीतही विसरत नसत. गाडी वळणावर कलंडतेय, चाकू सीटवरून घसरतोय, मी त्याच्या मागे वाकतेय, आणि बाई आपल्या शांत. "भांडण्यापेक्षा वाकलेलं बरं," असं वर ऐकवायच्या.

तलासरीच्या पुढे एका प्राथमिक शाळेत आम्ही दोघी शिकवायचो. मी डहाणू रोडला भाड्याच्या खोलीत राहायचे, बाईंचं डहाणूत स्वतःचं घर होतं आणि घरामागे चिकूची चार झाडं. सकाळची एसटी एक, संध्याकाळची एक, आणि सीटही बहुतेक एकच. बाई माझ्यापेक्षा चांगल्या पंचवीस वर्षांनी मोठ्या. किडकिडीत अंग, कडक इस्त्रीची सुती साडी, आणि बोलणं मोजकं. माझं तोंड मात्र डहाणूला सुरू व्हायचं ते तलासरीलाच थांबायचं. ती बस आम्हा दोघींना कशी पुरली देव जाणे.

चाकू त्यांच्या पर्समध्ये आला तो २०१४ साली. आदल्या वर्षी त्यांचे यजमान गेले होते. सगळे त्यांना आप्पा म्हणत. आप्पांना झाडांचं वेड. रायणच्या, म्हणजे खिरणीच्या, रोपावर चिकूचं कलम बांधायला त्यांना लांबून लोक बोलवायचे. तर या आप्पांनी जर्मनीतल्या पुतण्याला सांगून एक घडीचा चाकू मागवला होता. अक्रोडाच्या लाकडाची गुळगुळीत मूठ, पितळेच्या बारीक खिळ्या, आणि पातं असं की बघताना आपण आपोआप बोटं आवरून घ्यावीत. त्याच्या किमतीत शिलाई मशीन आलं असतं, असं बाई म्हणायच्या, आणि त्यांना तेव्हा खरंच शिलाई मशीन हवं होतं.

आप्पांनी तो चाकू एकदाही वापरला नाही. कलमं बांधायची ती जुन्या, लोखंडी, मुठीला सुतळी गुंडाळलेल्या चाकूने. नवा कपाटात. अधूनमधून काढायचे, खोबरेल लावायचे, उजेडात धरून बघायचे आणि परत ठेवायचे. बाईंनी विचारलं की म्हणायचे, एखाद्या चांगल्या कामाला काढू. ते चांगलं काम काही आलं नाही. आप्पा गेल्यावर बाईंनी कपाट आवरायला घेतलं तेव्हा चाकू डब्यात चकचकीत होता. शेजारी टाचण्यासुद्धा न काढलेला एक शर्ट होता आणि पट्टा न सोडलेलं घड्याळ होतं.

हे त्यांनी मला बसमध्ये सांगितलं, खिडकीबाहेर बघत. "माणूस गेला आणि वस्तू नव्या राहिल्या, सुजाता. मला रडू यायच्या आधी रागच आला." मग थोड्या वेळाने म्हणाल्या की माझ्यामागे माझ्या लेकीला एकही नवी वस्तू सापडता कामा नये. ठेवणीतल्या साड्या त्यांनी शाळेत नेसायला काढल्या, काचेच्या चांगल्या बरण्यांत मसाले भरले. ते सोपं गेलं. चाकू अवघड होता, कारण तो आप्पांचा जीव होता. पण तोच रोज वापरायचा असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

ठरवलं खरं, पण बाई त्या चाकूला भ्यायच्या. तो रुमालात, रुमाल प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी कापडी बटव्यात आणि बटवा पर्सच्या तळाशी. मला काकडी कापायची असायची आणि हे सोहळे संपेपर्यंत तलासरी यायची. मी म्हणायचे, "बाई, पुढच्या वर्षी लिंबाचं लोणचं घालायचंय, आत्तापासून काढायला घ्या." त्यात आमच्याकडे चिकू काही कुणी चाकूने कापत नाही, अंगठ्याने उलगडून खातात. डहाणूच्या बाईला हवाच कशाला चाकू, हे माझं आणखी एक. बाई हसायच्या नाहीत, पण पुढच्या आठवड्यात प्लॅस्टिकची पिशवी गेलेली असायची.

खरी पंचाईत तो मिटायची होती. उघडायला सोपा, पण पात्याला आतून एक पट्टी होती, ती अंगठ्याने सरकवल्याशिवाय तो मिटत नसे. बाईंना ती पट्टी दिसायची नाही आणि जोर लावायची भीती; चाचपडताना चुकून बोट तिच्यावर पडलं तरच तो मिटायचा. त्या वर्षी निवडणुका होत्या. गुजरातची हद्द जवळ, दमणची बाटली इकडे येते, म्हणून नाक्यावर एसटी थांबवून पिशव्या तपासत. एका तरुण महिला पोलिसाने बाईंची पर्स उघडली, बटवा सोडला, चाकू काढला आणि उघडला. सगळी बस वळून बघायला लागली. बाईंचा चेहरा पांढराफटक. मी सांगितलं की या शिक्षिका आहेत, गेली कित्येक वर्षं पहिलीला शिकवतात. पोरगी म्हणाली, बरं, मिटा. बाईंना मिटेना. मला मिटेना. शेवटी ती स्वतः करायला गेली तर तिलाही मिटेना. तिघी जणी एका चाकूवर डोकी घालून उभ्या, मागे ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. अखेर त्या मुलीलाच ती पट्टी सापडली. तिने बाईंचा अंगठा धरून तिथे नेला, दोनदा मिटून दाखवला, एकदा बाईंकडून करून घेतला, आणि मग सॅल्यूट मारून खाली उतरली. त्या दिवसापासून बाई येताजाता सीटवर चाकू उघड-मीट करत बसायच्या. शेजारी बसणारे थोडे सरकून बसायचे.

"त्याला फालतू कामं द्यायची," हे बाईंचं आवडतं वाक्य त्याच दिवसांतलं. चांगल्या कामाची वाट बघत बसलं की आप्पांसारखं होतं. म्हणून सकाळी उठल्यावर पहिलं काम दुधाच्या पिशवीचा कोपरा कापायचं. मग शाळेत पेन्सिली. आमच्या मुलांचे शार्पनर म्हणजे शिसं मोडायची यंत्रं. बाई टेबलावर पेपर पसरायच्या आणि त्या जर्मन चाकूने पेन्सिली तासायच्या, लांबसडक, सुबक. सगळ्या वर्गाच्या पेन्सिली टेबलावर येऊन पडायच्या. शिलाई मशीनच्या किमतीचा चाकू पहिलीच्या पेन्सिली तासतोय, हे बघून मलाच कसंतरी व्हायचं. बाईंना मात्र दिवसेंदिवस बरं वाटत होतं. रुमाल गेला, बटवा गेला, चाकू पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात आला.

आणि मग तो मोडला. शाळेत खिचडी करायला रमिला नावाची बाई होती, जवळच्याच पाड्यावरची. गोडेतेलाच्या डब्याचं झाकण निघेना, तेव्हा तिने बाईंकडे चाकू मागितला. बाईंनी ओट्यावर ठेवला, तिने उचलला आणि झाकणाच्या फटीत घालून उचकला. पात्याचं टोक टचकन तुटलं. रमिला तशीच वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. त्या बाजूला लहानमोठ्या सगळ्यांना तू म्हणतात. ती म्हणाली, "बाय, तुझा चाकू मोडला माझ्या हातून." बाईंनी तो टेबलावर ठेवायला लावला, मग उचलून पात्याकडे पाहिलं, "असू दे" म्हणाल्या आणि फळ्याकडे वळल्या. संध्याकाळी बसमध्ये एक शब्द नाही. मीही त्या दिवशी गप्प बसले, यावरून काय ते समजा.

दुसऱ्या दिवसापासून चाकू आला नाही. पेन्सिली टेबलावर जमायच्या आणि तशाच परत जायच्या. रमिलाचं स्वयंपाकात लक्ष लागेना. बाय माझ्यावर रागवली, एवढंच ती मला सारखं सांगायची. रविवारी मी बाईंच्या घरी गेले. त्यांनी चहा टाकला. कपाट उघडंच होतं आणि आत, पूर्वीच्या जागी, डबा. मी विचारायच्या आधीच म्हणाल्या, "ह्यांनी इतकी वर्षं जपला. मी वर्षभरात मोडून ठेवला." आणि रडल्या. आप्पा गेले तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

मला कुणाला गोड समजावता येत नाही. मला रागच आला. मी म्हटलं, मोडला कुठे, टोक गेलंय, बाकी सगळा शाबूत आहे. आणि आप्पांनी जपला म्हणजे काय केलं? त्यांना तो एकदा तरी वापरायला मिळाला का? तुम्हीच म्हणता ना की वस्तू नव्या राहिल्या? मग आता जुनी होतेय तर कपाटात का? बोलून गेले आणि जीभ चावली. बाईंनी पदराने डोळे पुसले, माझ्यापुढे चहाचा कप सरकवला आणि म्हणाल्या, "तू फार बोलतेस." चहा संपेपर्यंत आम्ही दोघी चिकूच्या झाडांकडे बघत बसलो.

बाजाराच्या दिवशी बाई शाळा सुटल्यावर मला घेऊन तलासरीच्या बाजारात गेल्या. विळे-कोयत्यांना धार लावणारा बसतो, त्याच्यापुढे फडकं पसरून चाकू ठेवला. त्याने टोक घासून गोल करून दिलं. चाकूचं रूप गेलं हे खरं. पूर्वी कसा उमदा दिसायचा, आता जरा भोळसट दिसायला लागला. दुसऱ्या दिवशी बाई वर्गात जायच्या आधी स्वयंपाकाच्या खोलीत गेल्या आणि चाकू ओट्यावर ठेवला. रमिला हात लावेना. "उचल," बाई म्हणाल्या. "भेंडी चिरून दे मला, घरी न्यायची आहे." रमिलाने चिरली, खाली मान घालून, एकसारखी. ती चिरत होती तेव्हा बाई माझ्याकडे वळल्या.

"आता हा माझा झाला," त्या म्हणाल्या. "इतके दिवस ह्यांचा होता."

त्यानंतर चाकूचं कौतुक संपलं आणि तो बाईंच्या हाताचाच झाला. त्या कशाहीसाठी काढायच्या. पार्सलची सुतळी, साडीचा लोंबता धागा, कच्चा चिकू. चिकूच्या चिकाने पातं चिकट व्हायचं, मग खोबरेल लावून पुसायचं. मुठीवर ओरखडे आले, पितळ काळवंडलं. बाई बोलताना नकळत तो मिटायच्या, उघडायच्या, एका हाताने, न बघता. मागेल त्याला द्यायच्या. हातात मात्र नाही.

२०१९च्या उन्हाळ्यात बाई निवृत्त झाल्या आणि नाशिकला लेकीकडे राहायला निघाल्या. डहाणूच्या स्टँडवर मी त्यांना सोडायला गेले. त्या खिडकीशी बसल्या, मी खाली उभी. गाडीत कंडक्टर चढला तेव्हा बाईंनी पर्समधून चाकू काढला. मी सवयीने बघत राहिले, आता कुठे ठेवतात. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला, माझं मनगट धरलं, चाकू तळहातावर ठेवला आणि माझी बोटं मिटली.

"बाई, हातात?" मी म्हटलं.

"आपलं कधी भांडण झालं नाही," त्या म्हणाल्या. "एखादं होऊ दे. त्या निमित्ताने तरी बोलशील."

मी म्हटलं, त्या रविवारी झालं होतं की. त्या म्हणाल्या, ते भांडण नव्हतं, तू एकटीच बोलत होतीस. गाडी हलली. मी चाकू घट्ट धरून स्टँडच्या मधोमध उभी होते, आणि मागची रिक्षा मला बाजूला व्हायला सांगत होती.

त्यानंतर दर रविवारी फोन असायचा. पहिला प्रश्न ठरलेला. आज त्याला काय काम दिलंस? मी सांगायचे, पेन्सिली तासल्या, लिंबू कापलं, रमिलाने कोथिंबीर चिरली. आणि भांडण कधी होणार, असं मी विचारायचे. घाई काय आहे, म्हणायच्या. दिवाळीच्या सुट्टीत मी नाशिकला जायचं ठरलं होतं.

दिवाळीच्या आठवडाभर आधी त्यांच्या लेकीचा फोन आला. बाई झोपेतच गेल्या होत्या. मी जाऊन आले. लेकीने सांगितलं की आईच्या कपाटात नवीन असं काही नव्हतं, सगळं वापरलेलं, धुतलेलं. ते सांगताना तिला वाईट वाटत होतं. मी तिला बाईंनी नव्या वस्तूंबद्दल काय ठरवलं होतं ते सगळं सांगितलं, तेव्हा कुठे तिचा चेहरा जरा मोकळा झाला.

खोलीवर परत आले. पर्समधून चाकू काढला, पुसला, खोबरेल लावलं, स्वच्छ रुमालात गुंडाळला आणि कपाट उघडलं. साड्यांच्या खाली हात घातला आणि मला कळलं मी काय करतेय. मग जे सुटलं ते आवरेना. खोलीत कुणी नव्हतं आणि मी मोठ्याने भांडत होते. नाशिकला जायचंच होतं तर निदान चार वर्षं तरी राहायचं. दिवाळीला येते म्हटलं होतं ना मी? आणि एवढं सांभाळून सांभाळून शेवटी हातात कुणी द्यायला सांगितला होता? खूप वेळ भांडले. एकटीच बोलत होते आणि बाई नेहमीसारख्या गप्प होत्या.

दमल्यावर रुमाल सोडला. दूध तापवायचं राहिलं होतं. पिशवीचा कोपरा कापला, पातं पदराला पुसलं आणि चाकू पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात टाकला.