धामणीचं ओलं मडकं

हे ह्यांनाही ठाऊक नाही. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांना तर नाहीच नाही. लिंगपूजेला बसल्यावरसुद्धा मनातल्या मनात हे मी कधी पुरतं बोललेले नाही. तुम्हाला सांगते. क्रमानं सांगेन म्हणते, मला सगळं क्रमानं लागतं. पण या गोष्टीपाशी आलं की क्रम मोडतो — बघा, आताच मोडला! आधी धामण सांगायला हवी.

भूमला आमचं जवारीचं दुकान. अजून मोगलाई होती तेव्हाची गोष्ट. घरामागं कोठी, कोठीत कणग्या, आणि कणग्यांभोवती उंदरांची फौज. माझे धाकटे दीर, शिवाप्पा भावजी, एक दिवस शेतातून धामणीचं पिल्लू घेऊन आले. ही मोठी झाली की उंदरांचं नाव राहणार नाही म्हणाले. आत्याबाईंनी बजावलं, गोठ्याकडं न्यायची नाही, धामण गायीच्या पायाला विळखा घालून दूध पिते. म्हणून धामणीची लाकडी पेटी आली कोठीत. माझ्या कोठीत! मी चिडले — आणि खरं सांगू? चारच दिवसांत रमले.

काय देखणं जनावर! पितळी रंग, हातावरून सरकताना नुसतं पाणी. भावजींनी पेटीची व्यवस्था अशी केली होती की माझ्यासारखीला हेवा वाटावा. एका बाजूला कोरडी वाळू. दुसऱ्या बाजूला काठ फोडलेलं मडकं, त्यात भिजवलेला गोणपाट. तिला वाटलं तर वाळूत, वाटलं तर मडक्यात. सगळी पेटी ओली ठेवली तर पोटाला फोड येतात. सगळी कोरडी ठेवली तर कात सुटत नाही, चिंध्या होऊन अंगाला चिकटते. सापाला पापणी नसते, डोळ्यावरची काचही कातीबरोबरच जावी लागते. डोळे दुधाळ दिसले की ओळखायचं, आता कात टाकणार — मग गोणपाट सुकू द्यायचा नाही. सकाळी उठले की मी आधी धामणीचे डोळे बघायची, मग चूल पेटवायची!

भावजींची बायको गौरा, माझी धाकटी जाऊ, पेटीला भ्यायची. मी कामात असले की तिच्याकडं तांब्या द्यायची. ती तोंड फिरवून मडक्यात पाणी ओतायची, पण ओतायची. आणि त्या श्रावणापासून कोठीच्या किल्ल्या तिच्या कमरेला जाणार होत्या. आत्याबाईंनीच ठरवलं होतं, आता धाकटीनं शिकावं. मी हो म्हणाले होते. तोंडानं.

उन्हाळ्यात भावजी कोर्टातल्या पेशीसाठी धाराशिवला गेले. निघताना धामणीचे डोळे दुधाळले होते. वैनी, तुमच्या भरवशावर, म्हणून गेले. मी केवढी फुगले असेन!

आणि त्याच आठवड्यात नवी जवारी कोठीत आली. कोठी कशावर टिकते? कोरडेपणावर. ओल आली की सोंडे किडे आले, बुरशी आली. मी राख चाळली, लिंबाचा पाला वाळवला, कणग्यांत थर दिले. त्या भरात नजर गेली पेटीवर. जवारीला लागून ओलं मडकं! मी ते उचलून अंगणात ठेवलं. आणि — हसाल तुम्ही — पेटीतही राख पसरली, वर लिंबाचा पाला. धान्य जपतात तशी धामण जपायला निघाले. कळत नव्हतं का? कळत होतं. पण माझ्या कोठीत माझंच खरं. गौरा दारातून म्हणालीसुद्धा, "अक्का, मडकं कुठंय? तिचे डोळे लई पांढरे झालेत." मला शिकवू नकोस, म्हणाले मी.

धामण लाकडावर तोंड घासत राहिली. कात निघाली ती चिंध्यांनी. उजव्या डोळ्यावर काच तशीच राहिली. तेव्हाही वेळ गेली नव्हती. ओल्या फडक्यात ठेवली असती तर सुटली असती. पण मला काम हातावेगळं करायची घाई — मी ती नखानं ओढली. नुसती काच आली नाही, खालचा डोळाही गेला.

मग मी काय केलं? राख झाडून काढली. पाला काढला. मडकं पुन्हा पेटीत ठेवलं. कोरडंच ठेवलं — कळतंय ना, का ते?

भावजी आले. पेटीपाशी बसले, मडक्यात हात घातला. कुणाकडं होतं पाण्याचं, एवढंच त्यांनी विचारलं. "गौराकडं होतं," मी म्हणाले. गौरा माझ्याकडं बघत राहिली. तिनं तोंड उघडलं असतं तर? नाही उघडलं. आत्याबाई म्हणाल्या, "जिला एक मडकं ओलं ठिवता येत न्हाय, तिच्या हाती कोठी कशी द्यावी?" आणि मला — इथंच यायचं होतं मला, एवढा वेळ इथंच येत होते — मला आनंद झाला. भीती होती, लाज होती, आणि त्यांच्याखालून दूध उतू यावं तसा आनंद. किल्ल्या राहिल्या!

भावजी कितीतरी दिवस बायकोशी धड बोलले नाहीत. धामण जगली, एका डोळ्यानं. पेटी मात्र गौरानं स्वतःकडं घेतली. आधी तोंड फिरवून पाणी ओतायची, मग बघून ओतायला लागली. आणि पुढची कात! तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत अखंड! गौरा ती दोन्ही हातांवर झेलून अंगणात आली, उन्हात नुसती लखलखत होती. मी हातातलं सूप टाकून धावले. डाव्या डोळ्याची काच थेंबासारखी स्वच्छ होती. उजव्या डोळ्याच्या जागी सुरकुतलेला ठिपका.

"शिकली बरं का पोरगी," आत्याबाई म्हणाल्या, "अद्दल घडली की मानूस शिकतंय." सगळे हसले. गौरा हसली. मीही हसले.

मोगलाई गेली. किल्ल्या माझ्याच कमरेला आहेत. जवारी काढायची असली की गौरा येते, हात पुढं करते. मी किल्ली देते. काम झालं की ती परत आणून देते.