रस्त्यापलीकडून बघायचा टीव्ही

“दिवे घालवा! सगळे दिवे घालवा!” नाशिक रोडला टीव्हीच्या दुकानासमोर, रस्त्यापलीकडच्या फुटपाथवर उभे राहून एक काका ओरडत होते. आवाज असा, की तिकडे पंचवटीत पुजाऱ्याच्या हातून घंटा सुटली असेल.

संध्याकाळी मीही टीव्ही घ्यायलाच गेलो होतो. काका नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेले. आल्या आल्या त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि दोन टीव्हींचे पडदे असे तपासले, जणू एक खोटा निघाला तर देशच बुडणार होता.

“हा गेल्या वर्षीचा. रंग तेच, किंमत निम्मी,” ते सेल्समनला म्हणाले. “नव्याचे जास्तीचे पैसे कशाचे घेता हो, खोक्याचे?”

सेल्समन वीतभर खुजा झाला. मी तर तिथल्या तिथे काकांचा शिष्यच झालो.

एवढं झाल्यावर ते रस्ता ओलांडून गेले. ओरडून ओरडून त्यांनी दिवे घालवायला लावले. अंधाऱ्या दुकानात तो एकच टीव्ही चालू राहिला आणि काका मान तिरकी करून बराच वेळ तिकडून बघत राहिले. परत आले ते, “हाच बांधा,” म्हणत.

मी विचारलं, “काका, टीव्ही समोर बसून बघतात. रस्त्यावरून कोण बघतं?”

“घरी मी एकटाच असतो,” ते म्हणाले. “दिवा लावून फिरायला गेलं, तर तो नुसता जळत राहतो. टीव्ही लावून गेलं, की परत येताना खिडकीत कुणीतरी वावरतंय असं दिसतं.”