सुकेळी बांधताना घेतलेलं नाव

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकते. लॅबमध्ये दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसणारी बाई मी... दिसेल तेच मानणार. तरी लिहितेय, कारण कोणालाही सांगितलं की "योगायोग गं" म्हणून मोकळे होतात.

लग्न होऊन मी उमेळ्याला आले तेव्हा सासूबाईंचा आजार सुरू झालेला होता. आधी भाज्यांची नावं गेली, मग माणसांची. डॉक्टरांनी कागदावर पेशीचं चित्र काढून समजावलं — मेंदूच्या पेशीत एक प्रोटीन असतं, त्याची जागा केंद्रकात. या आजारात ते केंद्रक सोडून बाहेर येतं, तिथेच गोळा होऊन बसतं, आणि पेशी हळूहळू मरते. नवीन नावं तर आता लक्षात राहणारच नाहीत, म्हणाले. मला आई "बाय" म्हणायच्या. दूधवालीलाही बायच. माझा नवरा विनय रोज विचारायचा, "आई, मी कोण?" त्या नुसत्या हसायच्या. त्याला एकदाच, फक्त एकदा, त्यांच्या तोंडून आपलं नाव ऐकायचं होतं.

फेब्रुवारीतली दुपार. वटारला आईंच्या माहेरच्या वाडीत सुकेळी बांधायचं काम चाललं होतं. राजेळी केळी सोलून उन्हात सुकवलेली, वाळक्या पानात गुंडाळायची. आईंना सावलीत खुर्चीवर बसवलेलं. कित्येक महिन्यांत त्या एक धड वाक्य बोलल्या नव्हत्या. घाई म्हणून विनयने पुडी चक्क सुतळीने बांधायला घेतली.

आई उठल्या. सुतळी ओढून फेकून दिली.

"सुतळीने कोण बांधते रे विनू? केळं चिरेल ना!"

विनू! तो हातातलं पान तसंच धरून रडायला लागला.

आई मात्र खाली बसल्या, केळीच्या सोपटाचे, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीचे, दोर पाण्यात भिजवले आणि बांधायला लागल्या. त्यांच्या घरची पद्धत अशी, की पुडी ज्याला द्यायची त्याचं नाव गाठ मारताना घ्यायचं. "ही माझ्या दादाची. ही विनूची, त्याला कडक नाय आवडत." एक गाठ सैल नाही, एक नाव चुकलं नाही. काय बाई होती हो! शेवटची पुडी त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली.

"ही स्नेहलची. दाढ दुखते तिची, नरम घातलीत."

दाढेचं मी कोणाजवळच बोलले नव्हते. आणि नाव...

संध्याकाळी मी पुन्हा "बाय" झाले.

पावसाळ्यात त्या गेल्या. मेंदू दान करायचं विनयनेच ठरवलं. पुढे डॉक्टरांनी, मी याच कामातली म्हणून, मला स्लाइड दाखवली. भाषेच्या भागात ज्या थोड्या पेशी उरल्या होत्या, त्यांची केंद्रकं रिकामी, प्रोटीनचे गोळे बाहेर. मी त्यांना ती दुपार सांगितली. त्यांनी पुन्हा एकदा मायक्रोस्कोपला डोळा लावला.

"क्वचित होतं असं. का होतं, मला माहीत नाही."

विनूचं नाव जुनं. कुठल्यातरी शाबूत कोपऱ्यात राहिलं असेल, मी मान्य करते. पण मी तर आजारानंतर आलेली. माझं नाव त्यांनी जपून ठेवलं होतं तरी कुठे?