सारक्या नावाचा संशयित

आमच्या पोलीस ठाण्याचे साहेब आता रिटायर झाल्यात आणि आपल्या केसींच्या आठवणी लिहित्यात. ह्या केसपाशी आले तवा मला बोलवून घेतलं. म्हणाले, "ही तू सांग. नाव कुणाचं घेऊ नको. आणि 'ती घटना आजही आठवते' असं म्हणून सुरू कर." मी म्हटलं, साहेब, आठवायला ती आदी इसरायला नको व्हय? मी सातवी नापास. जसं येतंय तसं सांगते.

तवा व्हीसीडीचे दिवस हुते. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर व्हिडिओ पार्लर हुतं, तिथं समुद्रातल्या त्या दातवाल्या माशाचे पिक्चर लावायचे, बाहेरनं आणून हिंदीत केलेले, लई हलके. मासा रबराचा, त्याची शिवण बी दिसायची. तरी माझा नवरा खुर्चीवर पाय वर घेऊन बसायचा. टेम्पोवर हमाली करणारा गडी, पोत्याला भ्यायचा न्हाय, पण त्या माशाचं त्याला येडच. आणि मला पाण्याचं भ्या. माझा भाऊ पुराच्या पाण्यात पवायला गेलता, तो आलाच न्हाय. म्हणून लग्नानंतर पोरगी झाली तवा तिच्या डोक्यावर नवऱ्याचा हात ठेवून मी शपथ घेतली हुती त्याच्याकडनं, की पाण्यात पवायचं न्हाय म्हणून.

पावसाळ्यात एकदा म्हणाला, "गगनबावड्याकडं माल टाकून येतो, दोन दिवसात परत." दोन दिवस गेले, चार गेले, आठवडा झाला. फोन कुणाकडं हुता तवा? पोरीला कडेवर घेतलं आणि पळतच पोलीस ठाण्यात गेले.

अंमलदार म्हणाला, "भांडण झालतं?"

"न्हाय वो."

"पितोय?"

"न्हाय."

"दुसरी कोण बाई?"

"न्हाय वो, साहेब, त्याला पिक्चरशिवाय काय बी सुचत न्हाय."

त्यानं मिसिंगची नोंद केली, घरला जा म्हणाला. मी गेलेच न्हाय, बाकड्यावरच बसून ऱ्हायले. आणि तेवढ्यात खबर आली. गडमुडशिंगीच्या पुढं एक पडीक दगडाची खण हाय, पाण्यानं भरलेली. तिथं शेरडं राखणारा एक म्हातारा सांगत आला की काठावर रगतानं भरलेला शर्ट पडलाय. हवालदार जाऊन पंचनामा करून शर्ट घेऊन आले, कागदात गुंडाळून. कागद उघडला. दुसरं बटण हिरव्या दोऱ्यानं शिवलेलं. घरात पांढरा दोरा नव्हता म्हणून मीच शिवलं हुतं. मी खालीच बसले. पाणी, खण, रगात, भाऊ, सगळं एकदम डोळ्याफुडं आलं.

तवा साहेब आतनं आले. चहा मागवला, माझ्या हातात दिला. मऊपणानं विचारत हुते, कुणाशी वैर हुतं काय, कुणाची धमकी. मी नुसती मान हलवायची. तर माझ्या मांडीवरनं पोरगीच बोलली.

"पप्पाला सारक्यानं खाल्लं."



हवालदारांनी पेन काढलं. "कोण सारक्या? कुठला?"

"लई मोठा हाय. दात हायत त्याला. पप्पा म्हणला, आईला सांगायचं न्हाय."

"साहेब," हवालदार हळू बोलले, "टोपणनाव दिसतंय. पुढं दात असलेला इसम. आणतो उचलून."

आणि खरंच आणला की. सायकलचं पंक्चर काढणारा एक गरीब माणूस, वरचे दात पुढं आलेला. तो हात जोडून म्हणतोय, "साहेब, दात माझे जन्माचे हायत, त्यात माझा काय गुन्हा?"

"सारक्या म्हणत्यात काय तुला?"

"दात्या म्हणत्यात साहेब. सारक्या कुणी म्हटलं न्हाय अजून."

हवालदारांनी पोरीला विचारलं, "ह्योच काय, बाळ?"

तिनं त्याला खालवर बघितलं. "ह्यो बारका हाय," म्हणाली.

ह्या गडबडीत तिनं टेबलावरचा शर्ट कधी ओढला मला कळलंच न्हाय. तिला सवय हुती, पप्पाच्या शर्टाची बाही चोखत झोपायची. बघते तर ती रगताची बाही तोंडात! मी किंचाळले. ती मलाच म्हणती कशी, "आई, ग्वाड हाय."

साहेबांनी शर्ट घेतला, खिडकीपाशी नेला. कॉलरच्या शिवणीनं मुंग्यांची रांग लागलेली. त्यांनी बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"साहेब!" हवालदार वरडले.

"काकवी हाय," साहेब म्हणाले. "काकवीत लाल रंग. अहो, रगतावर माश्या बसत्यात. मुंग्यांची रांग गुळाला लागती. कोल्हापुरात जन्मलो आपण, आणि कळलं कुणाला, तर ह्या पोरीला."

मग टोपी काढून ते फरशीवर तिच्या समोर बसले. "बाळ, सारक्या ऱ्हातो कुठं?"

"पाण्यात." पोरीनं दोन्ही तळवे जोडून डोक्यावर धरले, माशाच्या पाठीवर ते टोक असतंय तसं, आणि टेबलाभवती गोल गोल फिरली.

साहेब ताडकन उठले. "शार्क. अहो, ती शार्क म्हणतीया!"

पार्लरवाल्याला बोलावलं. त्यानं दारातच सगळं सांगितलं. आपल्याकडली काही माणसं तसलाच पिक्चर काढत हुती, हिथंच, थोडक्या पैशात. समुद्र म्हणून खणीचं पाणी. ट्रॅक्टरच्या ट्यूबवर थर्माकोलचा मासा, वरनं चंदेरी रंग. माशानं खायला एक माणूस पायजे हुता, तर आमच्या ह्यांनी पहिला हात वर केलता. आता खऱ्या समुद्राचा एक सीन घ्यायला सगळे घाट उतरून कोकणात गेलते.

पण परत का आले न्हाईत? ते त्याला बी म्हाईत न्हवतं. आता खणीच्या जागी समुद्र आला माझ्या डोळ्याफुडं. साहेबांनी गगनबावड्याला वायरलेस लावला. ती खरखर ऐकत मी पोरीला इतकी आवळली की ती रडायला लागली. मग आवाज आला, "व्हय साहेब, टेम्पो हाय. दरड पडल्यानं घाटात अडकल्यात. माणसं सगळी बरी हायत. माशाचं शेपूट तेवढं मोडलंय."

मी हसले का रडले, सांगता येत न्हाय.

दुसऱ्या दिवशी त्याला ठाण्यातच आणलं, दुसऱ्याचा ढगळ सदरा घातलेला. मी म्हटलं, "पोरीची शपथ मोडलीस!"

"न्हाय गं. पवलोच न्हाय मी. मला नुसतं बुडायचंच काम हुतं."

हवालदारांनी भिंतीकडं तोंड केलं, खांदे हलत हुते त्यांचे. मी त्याच्या छातीवर दोन बुक्क्या मारल्या आणि डोकं तिथंच टेकलं. त्याच्या केसाला अजून गुळाचा वास.

साहेबांनी त्याला झापला, बायकोला फसवून जातोस आणि रंगलेला शर्ट उघड्यावर टाकतोस म्हणून. मग माझ्याकडं वळले. "ताई, भ्या वाटतंय तर भ्या वाटतंय म्हणायचं. शपथ घातली की माणूस चोरून जातोय." परवा ह्या केसचं बोलत हुतो तवा म्हणाले, "त्या दिवसापासनं एवढं शिकलो. लेकरू बोललं की आदी त्याचा शब्द समजून घ्यायचा, मग माणूस शोधायचा. दात्याला उगंच त्रास झाला."

पिक्चर आला तवा सगळी गल्ली पार्लरात. पाण्यावर ते चंदेरी टोक दिसलं, माझा नवरा वरडला, पाणी लाल झालं. गल्लीनं शिट्ट्या मारल्या. तो माझ्या शेजारीच बसलेला, जित्ता, पाय खुर्चीवर घेऊन, तरी मी त्याचं मनगट धरून डोळं गच्च मिटलं.

मांडीवरची पोरगी माझी हनवटी धरून वर करत हुती.

"आई, भिऊ नको की. काकवी हाय."