मिरच्यांची झबली

माझी मावशी घरी शिवणकाम करायची. तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे अर्धं बोलणं 'हं' आणि 'अंहं'वरच भागायचं. काका कुलपं दुरुस्त करायचे. माणूस अबोल, पण जेवताना तिखट हवंच. कच्ची मिरची कराकरा चावायचे आणि आम्हा भाच्यांना कपाळावरचा घाम कौतुकाने दाखवायचे.

मग त्यांच्या पोटात अल्सर निघाला. दवाखान्यातून घरी आले ते तिखट साफ बंद करूनच. ताटासमोर बसले की नुसते बघत राहायचे. मावशीला ते बघवेना. तिने ढोबळी मिरचीचं बी आणलं. वास मिरचीचा, पण जिभेला झोंबायची नाही.

तिने आयुष्यात कधी तुळससुद्धा लावली नव्हती. पहिलं बी तान्ह्या बाळासारखं सारखं पाणी पाजून कुजवलं. दुसऱ्या खेपेला बियांचा ट्रे फ्रीजवर, उबेला ठेवला. बरेच दिवस काहीच हालचाल नाही. मग एका सकाळी मान वाकवलेले कोंब दिसले.

"अहो, आले बघा!" ती ओरडली, तसे काका हातातली कानस घेऊनच धावले.

चार पानं फुटल्यावर रोपं कुंड्यांत, परसात गेली. उन्हाळ्यात लालबुंद ढोबळ्या लागल्या. काका एक तशीच खाऊन म्हणाले, "वास तर तोच आहे." मावशी दिवसभर खूश.

पुढच्या वर्षी तिने घरच्याच फळांचं बी पेरलं. मिरच्या जरा निमुळत्या आल्या, पण तिने मनावर घेतलं नाही. काकांनी पहिला घास घेतला आणि त्यांचे कान लाल झाले.

"अगं, पाणी!"

"पुरे झाली नाटकं," म्हणत तिने स्वतः चावा घेतला, आणि तीही माठाकडे पळाली.

रोपवाटिकेतल्या माळ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "जवळ कुठे तिखट मिरची होती का, ताई? मधमाशी दोन्हीकडे हिंडते. त्या वर्षी फळ गोडच राहतं, पण पोटातलं बी तिखटाला जातं."

"आमच्याकडे कुठली आलीय तिखट?" मावशी म्हणाली आणि तिने काकांकडे पाहिलं. काका हातातल्या किल्लीचे दात मोजत होते.

"परसातल्या टाकीमागे आहे एक," ते शेवटी म्हणाले. "खात नाही गं. नुसता वास घेतो."

मावशीने बोलणंच टाकलं. घरात फक्त मशीनचा खडखडाट. तिसऱ्या दिवशी रोप उपटायचंच म्हणून ती टाकीमागे गेली. जुन्या बादलीत झाड उभं होतं, काठीला बारीक तारेने बांधलेलं. मिरच्या लाल होऊन, सुकून तशाच लोंबत होत्या. एकही तोडलेली नव्हती. तिने बादली कलती करून बूड पाहिलं.

घरात येऊन म्हणाली, "बादलीला खाली भोक तरी पाडायचं. मुळं कुजतील ना."

काकांनी लगेच ड्रिल उचललं.

मग मावशीने ढोबळीचं नवं बी विकत आणून लावलं. कळ्या आल्यावर तिने मलमलच्या चिंध्यांच्या इवल्या पिशव्या शिवल्या आणि ढोबळीच्या कळ्यांवर चढवल्या, म्हणजे मधमाशी आत शिरणार नाही. शेजारीण म्हणाली, "कुणाची गं ही झबली?"

"आमच्या पोरींची. पलीकडचा तो बादलीतला आहे ना, त्याचा भरवसा नाही."

मधमाशीविना पराग झडावेत म्हणून रोज सकाळी पिशवीवरूनच टिचकी मारून फुलं हलवायचं काम काकांकडे आलं. कुलपातल्या स्प्रिंगांना सरावलेला तो हात. एकही कळी गळली नाही. त्या बियांतून पुन्हा गोड, गुबगुबीत ढोबळ्या आल्या. पुढच्या वर्षी आणि नंतरही.

काही वर्षांनी पोट बरं झालं. "थोडं तिखट चालेल," डॉक्टर म्हणाले. मावशीने बादलीतल्या मिरचीची पातळशी चकती कापून ताटात ठेवली आणि समोर बसली. काकांनी ती डोळे मिटून चघळली. घाम फुटला, नाक वाहू लागलं.

"कशी आहे?"

"झकास!" काका नाक पुसत म्हणाले. "पण उद्या ढोबळीच दे."