नखांवरची बातमी

दुकानात नेलपॉलिश विकणाऱ्या सूनबाईची स्वतःची नखं मात्र महिन्याचे बहुतेक दिवस कोरी. दुकानाची मालकीण कुरकुरायची, "गिऱ्हाईक आधी तुझे हात बघतं, मग बाटली!" पण सूनबाईचा नाइलाज होता. नमाजाआधी वुजू करायचा, म्हणजे हात-तोंड-पाय धुवायचे, आणि पाणी थेट नखाला लागलं पाहिजे. मध्ये रंगाचा थर आला की वुजू झालाच नाही. रोज पाच वेळा खरवडत कोण बसणार? पाळीच्या दिवसांत मात्र नमाज माफ. तेव्हा ती दहाही बोटं मनसोक्त रंगवायची, लालभडक.

इथवर ठीक होतं. पण लग्नाला चार वर्षं होऊनही घरात पाळणा हलला नव्हता, आणि वरच्या मजल्यावरच्या खाला, म्हणजे सासूची थोरली बहीण, सूनबाईच्या नखांवरून बातम्या काढायला शिकल्या होत्या. लाल रंग दिसला की त्या चुकचुकायच्या आणि भर जिन्यात विचारायच्या, "याही महिन्यात?" मागून येणारा दूधवालासुद्धा ऐकायचा. सूनबाईच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

शेवटी एका महिन्यात तिचं डोकंच फिरलं. नको तो रंग आणि नको त्या चौकशा! पाळी आली तरी तिने नखं कोरीच ठेवली आणि नमाजाच्या वेळी गुपचूप खोलीचं दार लोटून बसली.

झालं, आगीतून फुफाट्यात! खालांनी कोऱ्या नखांचीही बातमी केली. जिन्यातल्या बायका तिला पिशवी उचलू देईनात. दुकानात मालकिणीने न मागता स्टूल दिलं. घरी अम्मी, म्हणजे सासूबाई, तोंडाने काही विचारत नव्हत्या, पण रोज गरम दुधाचा पेला समोर येत होता. खिडकीशी बसून त्या काहीतरी विणत असायच्या आणि ही आली की पदराखाली झाकायच्या. ते बघून सूनबाईला हसावं की भिंतीवर डोकं आपटावं कळेना. अम्मींना सांगायचं कसं?

रविवारी खाला आल्या आणि बसायच्या आतच म्हणाल्या, "आता ते दुकान सोड बाई. त्या बाटल्यांचा वास पोटातल्याला बरा नाही."

"पोटात कुणी नाहीये!" सूनबाई फाडकन बोलली. "पाळी आली होती, खाला. रंग लावला नाही, एवढंच. आणि तोही तुमच्यामुळेच लावला नाही!"

अम्मींच्या मांडीवरून पिवळ्या लोकरीचा गुंडा घरंगळला. त्यांनी तो पायाने पलंगाखाली सारला आणि त्या उठून आत गेल्या. मोरीतला नळ सुरू झाला. सूनबाईला वाटलं, संपलं सगळं, आता या घरात आपल्याशी कोणी बोलायचं नाही.

अम्मी हात पुसत बाहेर आल्या आणि तिच्यासमोर बसल्या. "तुझी ती लाल बाटली आण. लाव मला."

"अगं ए, तुला नमाज पढायचा ना?" खाला ओरडल्या. "या वयात तुला कसली माफी?"

"वुजू करूनच आलेय, आपा. नंतर लावलेल्या रंगाने वुजू मोडत नाही. मोडला की खरवडेन, पुन्हा करेन, पुन्हा लावेन." अम्मींनी हात बहिणीच्या नाकासमोर धरला. "घे, आता माझी नखं वाच. काय बातमी निघते ती सांग जिनाभर."

खाला चपला फटफटवत निघून गेल्या.

सूनबाई ब्रश फिरवू लागली, पण रंग सारखा कातडीवर जात होता. "अम्मी, हात हलवू नका ना."

"मी कुठे हलवतेय?" अम्मी म्हणाल्या आणि मोकळ्या हाताने त्यांनी डोळे पुसले. "नीट लाव. पुढच्या नमाजाला वेळ आहे अजून."